हळू, कुलूप हाय

१२ जानेवारी

आलो बाई एकदाच्या! तासगावहून निघताना प्रतीक्षाच्या मांडीवर तुळशीची कुंडी होती, बोईसरला उतरलो तेव्हाही होती. तुळशीने जरा मान टाकली आहे, पण हिरवी आहे. रिक्षावाल्याने पिशव्या, गादी आणि आम्हा दोघींना अशा काही खुबीने कोंबलं की पोर हसून हसून लाल झाली. ताई गेल्यापासून माझी ही भाची अशी हसलेली मला आठवत नाही. या एका हसण्यासाठी मी हे गाव आवडून घ्यायला तयार आहे.

इमारत औद्योगिक वसाहतीला लागून आहे. प्रत्येक मजल्यावर लांब बोळ आणि बोळात ओळीने भाड्याच्या खोल्या. सगळे भाडेकरू कंपन्यांत पाळीने जाणारे. मालक भावेशशेठ तळमजल्यावर राहतात. त्यांना अग्निशमनवाल्यांची नोटीस आली आहे: जिने मोकळे करा, वाळूच्या बादल्या भरा, नियमांचे फलक लावा, नाहीतर इमारतीला टाळं. हे सगळं करून घ्यायला त्यांना कुणीतरी हवं होतं आणि मी वसतिगृहात मुलींना शिस्त लावण्यात उमर घालवलेली. कामाच्या बदल्यात पहिल्या मजल्यावर, शेवटून दुसरी खोली मिळाली. प्रतीक्षाला औषधांच्या कंपनीत पॅकिंगचं काम लागलं आहे. अजून काय हवं?

खिडकीला जाड लोखंडी जाळी आहे. शेठ ती गदागदा हलवून म्हणाले, "अर्चनाताई, उंदीर पण आत येणार नाही." बाहेरही जाणार नाही, असं प्रतीक्षा माझ्या कानात पुटपुटली. जिन्यातल्या फलकावर ठळक अक्षरांत लिहिलं आहे की आग लागल्यास लिफ्टचा वापर करू नये. इमारतीला लिफ्टच नाही. रात्री जेवताना आम्ही दोघी यावरच हसत होतो.

१५ जानेवारी

कामाला लागले. आधी लाल बादल्या. वरून वाळू दिसते म्हणून हात घातला आणि मनगटापर्यंत गेला. खाली वाळू नव्हतीच. पानाच्या पिंका, विड्यांची थोटकं, कुणाच्या तरी केसांचा गुंता, आणि हे सगळं मुरून झालेला तांबूस चिखल. हात साबणाने कितीदा धुतला, तरी संक्रांतीच्या वड्या खाताना डावाच हात वापरला.

जिन्याखाली शेठचा जोडधंदा आहे. कंपन्यांतून मशीन पुसलेल्या तेलकट चिंध्या उचलायच्या, गठ्ठे बांधायचे, विकायचे. गठ्ठ्यांनी अर्धा जिना अडला होता. हलवताना त्यांच्याखालून आंबट, कोमट वाफ आली. चिंध्या आतून गरम होत्या, एखादं जनावर बसून उठावं तशा. त्या उन्हात टाकायला लावल्या. आग विझवायच्या नळकांड्यावर कुणाचे तरी बनियन वाळत होते.

झाडलोट करायला जमुना येते. जवळच्या माकुणसार गावची. तिने मला बादलीशी ओकारी काढताना पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसली. "बाय, आताच? आजून बोळ बाकी हाय!"

१८ जानेवारी

बोळाच्या भिंतींवर पिवळट तेलकट थर आहे. बोट लावलं की ठसा उमटतो. दोन दिवस सोडा घालून गरम पाण्याने घासल्या. सकाळी पाहते तो थर पुन्हा आलेला, दुधावर साय धरावी तसा. शेठ म्हणाले, हवा खारी आहे, वर कंपन्यांचा धूर, ऑइल पेंट घाम गाळतोच. असेल. पण वास धुराचा नाही. तव्यावर तूप राहून जावं आणि करपावं, तसा आहे.

शेवटच्या खोलीकडे, म्हणजे आमच्या शेजारी, थर सगळ्यात जाड आहे. त्या दाराला मोठं पितळी कुलूप. मी तिथे बादली आपटली तर जमुनाने ओठांवर बोट ठेवलं. "हळू, बाय. कुलूप हाय नं!"

मला कळेना. मग तिने समजावलं आणि मी थक्क झाले. आमच्याकडे कुलूप म्हणजे घरात कुणी नाही. इथे उलटं. एकेका खोलीत चार-सहा जण, पाळ्या वेगवेगळ्या. रात्रपाळी करून आलेला दिवसा झोपतो; दिवसपाळीला निघालेला बाहेरून कुलूप लावून जातो, म्हणजे विक्रेते, शेजारी, कुणी दार वाजवून त्याला उठवू नये. कुलूप दिसलं की सगळे चवड्यांवर चालतात. मी नीट पाहिलं तर खरंच, त्या दारावरून जाताना दांडगे पुरुषही चपला हातात घेतात.

कुणी कुणाच्या झोपेची इतकी काळजी करतं, हे मला किती गोड वाटलं! पण मग मनात आलं, आग लागली तर? नियमांच्या फलकाखाली मी माझ्या हाताने एक ओळ लिहिली: आत माणूस असताना बाहेरून कुलूप लावू नये.

२१ जानेवारी

माझ्या ओळीची बोळात टिंगल चालू आहे. वरच्या मजल्यावरचा बन्सी, बीडचा, मला गाठून म्हणाला, "मावशे, आमची झोप काय तुमी राखणार का दारात बसून?" सगळे हसले. मीही हसले. मग सहज विचारलं की शेवटच्या खोलीत कोण झोपतं. हसणं थांबलं. बन्सीला एकदम पाळीची बस आठवली.

शेठना विचारलं. म्हणाले, रिकामी आहे, अडगळ आहे, किल्ली हरवली आहे. तीन कारणं एकदम दिली.

दुपारी त्या दाराची चौकट फडक्याने पुसली. फडक्यावर थरासोबत केस आले. आखूड, टोकाशी गोळी झालेले. जळलेल्या केसांची टोकं अशी होतात, शेगडीशी वाकून माझीही झाली आहेत. फडकं टाकलं, तरी बोटांच्या पेरांमध्ये काहीतरी ताणलं जात राहिलं.

संध्याकाळी प्रतीक्षाला तेल लावत होते. लहानपणी ताई लावायची तसं, मागे बसवून. केसांवर आधीच तेलकट थर होता. हुंगला. तोच वास. तिला दोनदा न्हाऊ घातलं. ती म्हणत राहिली, मावशी, काय गं, मी काय तान्ही आहे?

२४ जानेवारी

तपासणीला अग्निशमनचे साहेब आले. जिना मोकळा, बादल्यांत खरी वाळू. शेवटचं दार पाहून म्हणाले, पुढच्या वेळेपर्यंत उघडा. शेठ म्हणाले, हो हो.

साहेबांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि चिंध्यांचे गठ्ठे पुन्हा जिन्याखाली आले. मी अडवलं. शेठ हसून म्हणाले, "ताई, पास झालो ना? आता घ्या जरा आराम." त्यांच्या दातांत सुपारी अडकली होती. या माणसाच्या छपराखाली मी राहते, याची मला शिसारी आली. माझीच.

सोडून जावं का? पण प्रतीक्षा परवा म्हणाली, इथे मला आईची आठवण कमी छळते. हे ऐकल्यावर कसं जाऊ?

वड्यांचा डबा उघडला. तिळावर पिवळी साय. एक तोंडात टाकली होती. जीभ अजून टाळूला चिकटते.

२७ जानेवारी

दुपारी प्रतीक्षा कामावर होती. पलीकडून खोकला ऐकला. ओला, खोल, एकाचा नाही. मी भिंतीला कान लावला आणि गाल चिकटला. सोडवताना आवाज झाला.

मग ठोकणं. भिंतीवर नव्हे, त्यांच्या दारावर, आतून. बाहेर जाऊन मी दारावर हात ठेवला. ठोकणं हाताच्या उंचीवर नव्हतं. खाली होतं. जमिनीपासून वीतभर.

माझ्याच फलकावर लिहिलं आहे: धूर झाल्यास उभे राहू नये, जमिनीलगत सरपटत दाराकडे जावे.

त्यांनी नियम पाळला आहे.

३० जानेवारी

जमुनाला गच्चीवर नेलं, शपथ घातली. आज तिने चेष्टा केली नाही.

मी येण्याआधी, मागच्या पावसाळ्यात जिन्याखालच्या चिंध्या पेटल्या. बाकी सगळे धावत बाहेर आले. शेवटच्या खोलीला कुलूप होतं; लावून गेलेला पोरगा पाळीवर. बंबवाल्यांनी विचारलं, इथे कोण? ती माणसं बाहेरची, त्यांना कुलूप म्हणजे रिकामं. शेठना माहीत होतं. पण खोलीत नियमापेक्षा जास्त माणसं कोंबली होती. ते म्हणाले, कुलूप आहे, कोणी नाही.

नंतर भिंती जमुनानेच धुतल्या. काय काय निघालं ते सांगायला लागली, मी थांबवलं. मग रंग मारला. मग कुलूप पुन्हा लावलं.

विचारलं, आता कशाला कुलूप? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच वेडी. "आत निजलेत नं, बाय. कुलूप काढला तं उठतील. तुमी घासून घासून जागं केलात त्यांना."

२ फेब्रुवारी

झोप नाही. डोळा लागला की ठोकणं. दिवसभर.

शेठना सांगितलं, उद्या कुलूप फोडणार, साहेबांना बोलावणार, सगळं सांगणार. ते सुपारी चघळत राहिले. मग म्हणाले, तुमची तब्येत बरी दिसत नाही, ताई.

दाराच्या फटीतून पिवळं काहीतरी ओघळतं आहे. आमच्या उंबऱ्यापर्यंत आलं. माशा बसतात आणि उडू शकत नाहीत. पाय घासत — तिथेच —

भात केला. टाकला. दोघी केळी खाऊन राहिलो. सालीवरही तो थर.

प्रतीक्षाला म्हटलं, परत जाऊ. ती माझे हात हातात घेऊन बसली. आठवडाभर थांबू, पगार होऊ दे, मग जाऊ. आधी तू झोप, मावशी. तुझे डोळे बघ.

३ फेब्रुवारी

सकाळी साहेबांना फोन केला. चारनंतर येतो म्हणाले.

प्रतीक्षाची दुसरी पाळी. मला रात्रीपासून खोकला; तिने त्यावरचं गुंगीचं औषध पाजलं, डोक्यावर हात फिरवला. थोडं पडते, साहेब येईतो.

दुपार

जाग आली. वास. तोच नेहमीचा, म्हणून पडून राहिले. या घरात जळल्याचा वास आला तर कोण उठणार —

दार उघडेना.

फोनवर प्रतीक्षाचा निरोप. "मावशी, बाहेरून कुलूप लावून जाते गं. इथे लावतात तसं. कुणी उठवणार नाही. पोटभर झोप."

माझं बाळ. माझी ओळ तिने वाचली नसेल का — की मायेपुढे —

तिचा फोन बंद. कंपनीच्या गेटवर ठेवून घेतात.

दार वाजवलं. ओरडले. बोळात पावलं. जमुना कुणालातरी सांगत होती, "शू. त्या खोलीतलं हाय. हळू चाल." मी नाव घेऊन हाक मारली. घशातून खोकलाच आला.

चवडे लांब गेले.

धूर. खरा. जिन्याकडून. चिंध्या —

जाळी हलवली. उंदीर पण नाही —

१०१ लावला. इमारतीचं नाव सांगितलं. पहिला मजला, शेवटून दुसरी — कॉल तुटला. ऐकलं का त्यांनी —

खाली आरडाओरडा. सगळे उतरले. बंबाची घंटा. शेठचा आवाज, स्पष्ट. वर त्या दोन्ही खोल्यांना कुलूप आहे. कोणी नाही.

त्यांना माहीत आहे. सकाळी मला पाहिलंय —

जमिनीवर आहे. खाली हवा बरी. फरशी चिकट, कोमट. वही ओढत आणली. तुळस काळी —

भिंतीपलीकडचं ठोकणं थांबलं आहे.

तो खोकला आता या खोलीत आहे. माझ्या मागे, जमिनीलगत. मी वळून —

नाही बघणार.

बूट. जिना चढले. दाराशी थांबले. कुलूप हललं. देवा — कुणीतरी म्हणालं, कुलूप आहे.

मी ठोकते आहे. इथे. खाली. वीतभर —

बुटांचा आवाज मऊ झाला. चवड्यांवर. झोपलेल्याच्या दारावरून जातात तसे —

इथे आहे मी, जागी आहे, मी जा