गुलाब म्हणजे पाणी

औरंगाबाद,
१७ बहमन १३४६ फसली

प्रिय आप्पासाहेब,

नमस्कार. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. ऐकून घेणार असतील तर.

गेल्या मंगळवारी तू नूरमोहम्मद चाचांच्या औषधांच्या दुकानात आलास, मलमाची बरणी फळीवर आपटलीस आणि म्हणालास, "माझ्या बहिणीला, द्वारकाला, बघायला आलेले पाहुणे तिचं तोंड बघून दारातूनच फिरले." त्या क्षणी माझं सगळंच फिरलं. वर्गात तुझ्या शेजारून उठून कॉलेज सोडलं, तेव्हाही एवढं फिरलं नव्हतं.

इथं थंडी लई आहे. चाचांचा खोकला जरा बरा. त्यांचा पोरगा शफीक तुझी चौकशी करतो.

तू नूरमोहम्मद चाचांना नाही नाही ते बोललास. ते हात जोडून म्हणाले, "हमारेच हाथ की गलती है, बेटा." मी मागं खलबत्त्याशी उभा होतो. प्रोफेसरांच्या अंगावर दौत फेकणारा मी, तेव्हा खाली मान घालून बत्ता फिरवत राहिलो. मलम चाचांनी केलंच नव्हतं. मी केलं होतं.

द्वारकाची कातडी दर थंडीत उलते, साबणसुद्धा झोंबतो, म्हणून तू मलम मागवलंस. चाचा खुलताबादला निघाले होते. टांग्यात पाय ठेवता ठेवता सांगून गेले, "तिल का तेल, मोम, और आधा पाव गुलाब. घोटते रहना." मी फुलं आणली, पाकळ्या वाटल्या, तेलामेणात कालवल्या.

तू गेल्यावर चाचांनी ती बरणी हुंगली आणि कपाळावर हात मारला. "अरे दीवाने, फूल को तो हम गुल बोलते! गुलाब याने अर्क. गुल का आब!"

दोन वर्षं फारसी घेतली होती मी. गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी, दोन्ही पाठ. पण मलम द्वारकासाठी होतं, आणि मला फूलच दिसलं.

हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

आता जे टाळत इथवर आलो ते लिहितो. तिसऱ्या दिवशीच बरणीला आंबूस वास सुटला होता. मला कळलं होतं. तरी झाकण लावून वैजापूरच्या मोटारीनं पाठवली. गुरुवारी पाहुणे येणार होते. त्याआधी माझ्या हातचं काहीतरी तिच्या गालाला लागावं, एवढंच डोक्यात होतं. आणि पाहुणे फिरले हे ऐकलं तेव्हा, आप्पा, मला आधी बरं वाटलं. तिच्या तोंडाचं मागाहून सुचलं. मलम नासल्यापेक्षा याची लाज जास्त आहे.

सोबत दुसरी बरणी आहे. चाचांसमोर बसून केली. थेंब थेंब गुलाबपाणी घालत, मेण लोण्यासारखं पांढरं होईतो घोटलं. पाच दिवस माझ्याच कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहिलं, काही उठलं नाही. तिनंही आधी तिथंच बोटभर लावून बघावं. गालावरचं पुरळ बसल्यावर मग तोंडाला. कोणी केलं ते तिला खरं सांग. नको म्हणाली तर परसात टाकून दे.

पाचोडचे पाहुणे परत यायला तयार आहेत, असं शफीककडून कळलं. येऊ देत.

चाचांना सगळं सांगितलं. म्हणाले, "रह जा रे. गलती से ही हाथ बैठता है." पण इथल्या निम्म्या बाटल्यांवर 'गुलाब' हा एकच शब्द लिहिलेला आहे, आणि अजूनही वाचला की मला पाणी दिसत नाही. थकलो, आप्पा. चाचांना मात्र एकदा येऊन भेट. तुझ्या शिव्या माझ्या होत्या, त्या म्हाताऱ्यानं झेलल्या.

चाचा नमाजला गेलेत. किल्ली शफीकपाशी दिली. पत्र बरणीला बांधतो, मोटारवाल्याकडं देतो आणि तसाच गावी जातो. बाहेर पडलोय, उंबऱ्यावर टेकून एवढ्या दोन ओळी लिहिल्या. आता दार लावतो.

'तुझा' लिहायची हिंमत नाही, म्हणून नुसता

बन्सी