डोळ्यांसमोर, पण कानाआड

प्रिय दीक्षा,

तू नव्यानं आखलेलं संग्रहालय पाहून आले. उद्घाटनाला बोलावलंस तेव्हा जमलं नाही. आता अकोल्याहून अख्खं खानदान घेऊन अमरावतीला गेले. खरं तर संग्रहालय हे निमित्त होतं. आमच्या लेकीसाठी, तुबासाठी, मोर्शीचा मुलगा पाहायचा होता, दानिश नावाचा.

तुबा कशी आहे, तुला माहीत आहे. चहाचा ट्रे घेऊन बैठकीत येणार नाही म्हणाली. आधी मुलाशी एकटीच बोलेन, लग्नानंतर नोकरी सोडणार नाही हे त्याला तोंडावर सांगेन, मगच हो का नाही ते ठरवेन. एकटी म्हटल्यावर माझ्या सासूनं कपाळावर हात मारला. आधीची स्थळं याच्यावरूनच परत गेली होती. तेव्हा मला तुझं संग्रहालय आठवलं.

माझं न् हुसेनचंही तिथंच ठरलं होतं ना. तेव्हा एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, आगगाडीच्या डब्यांसारखी वाट होती. राजवाड्यांची दालनं तशी असायची, म्हणून संग्रहालयंही तशीच बांधत गेले, हे तूच सांगितलं होतंस. पुढं सासू, मागं अम्मी, मधे मी, आणि पहारेकरी ‘पुढं सरका’ म्हणून राहिला. हुसेन मला दिसले ते तलवारींच्या कपाटाच्या काचेत. एक शब्द बोलता आला नाही. नशीब, माणूस चांगला निघाला.

तू त्या मधल्या भिंती काढल्यास ते फार बरं केलंस, बाई. आता मधे बाकं टाकलेला चौक, भोवती दालनं, कुठूनही शिरा, कुठूनही निघा, आणि कपाटं कमरेएवढी. आम्ही मोठे चौकात बसलो. तुबा आणि दानिश समोरच हिंडत होते, पण शब्द काही कानावर येईना. सासू म्हणाली, पोरगी दिसते तं सही, पण बोलून काय राहिली? माझाही जीव टांगणीला लागला होता. मूर्तींपासून नाण्यांपर्यंत तुबाच बोलत होती, तो ऐकत होता. मग तो काहीतरी बोलला आणि ती हसली. येऊन आजीजवळ बसली आणि हो म्हणाली. नोकरी चालूच राहणार आहे.

निकाह दिवाळीच्या सुट्टीत आहे, तू यायचंच. पण ते फोनवरही सांगितलं असतं. पत्र लिहिलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. सगळे निघाले तेव्हा हुसेन मागं थांबले, मला तलवारींच्या कपाटापाशी घेऊन गेले आणि इतक्या वर्षांनी हळूच विचारलं, तवा मी तुले पसंत होतो काय? मी म्हटलं, आधी राहिलेली दालनं दाखवा, मग सांगते. रविवारी आम्ही दोघंच पुन्हा जातोय.

तुझीच,
यास्मीन