चार सोनेरी पट्ट्या

४ जानेवारी
आले. दोन स्पीकर, माझ्या छातीइतके उंच. प्रत्येकात तीन-तीन भोंगे. खाली जाड आवाजाचा मोठा वूफर, मध्ये एक, वर बारीक आवाजाचा इवलासा ट्विटर. ॲम्प्लिफायर वेगळा, तो वर चढवताना दोन हमाल दोनदा जिन्यात बसले. किंमत लिहीत नाही. ही वही हिच्या हाती लागू शकते.

ही म्हणाली, टीव्हीला आवाज आहे की. काय बोलणार. गाढवाला गुळाची चव काय.

बाबांची खोली घेतली. घरात ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने शहाणी अशी तीच एक खोली आहे. बाबांना हॉलमध्ये फोल्डिंग कॉट. त्यांना काय, पडून तर राहायचं असतं.

५ जानेवारी, सकाळी ७
जोडणी स्वतः केली. सोबत चाळीस पानी पुस्तिका आहे, ती सामान्य गिऱ्हाइकांसाठी. मी तीन वर्षं इंटरनेटवरच्या ध्वनिप्रेमींच्या फोरमवर आहे, तिथे मला 'सुवर्णकर्ण' म्हणतात. (नाव मीच घेतलं, पण म्हणतात.)

प्रत्येक स्पीकरच्या मागे केबल लावायच्या दोन जोड्या, एक वर, एक खाली. त्यांच्यामध्ये सोनेरी पत्र्याच्या पट्ट्या. फोरमवरच्या गुरुजींनी मागेच लिहून ठेवलंय की पट्टी ही ध्वनीची वैरीण. चारही काढल्या आणि केबल खालच्या जोडीला घट्ट आवळली. गिऱ्हाइकाला काहीतरी जास्त मिळाल्यासारखं वाटावं म्हणून कंपन्या असला पत्रा देतात. कचऱ्यात टाकला.

बाबांनी विचारलं, कशाच्या रे ह्या? म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं. त्यांनी त्या कचऱ्यातून उचलल्या, बनियनला पुसल्या आणि चष्म्याच्या डबीत ठेवल्या. म्हातारपणी माणूस काहीही जमवतो.

५ जानेवारी, संध्याकाळी
पहिलं श्रवण. मऊ. गडद. मखमली. कर्कशपणा औषधालाही नाही. दहा मिनिटं डोळे मिटून बसलो.

ही डोकावून म्हणाली, शेजारच्यांचा रेडिओ भिंतीतून ऐकू यावा तसं वाटतंय. मी नुसता हसलो. हिचे कान कुकरच्या शिट्ट्या मोजण्यात घडलेत.

९ जानेवारी
घर स्वच्छ केलं. बाबांचा जुना टेपरेकॉर्डर रद्दीबरोबर भंगारवाल्याला दिला. मुठीला सुतळी, एक बटण गायब. असल्या डबड्याने घरात असणं हा माझ्या ॲम्प्लिफायरचा अपमान आहे.

बाबांना दुपारी कळलं. त्यावर ते रोज आईची कॅसेट ऐकायचे. मी चौथीत असताना बाबा दोन वर्षं धरणाच्या कामावर लांब होते. आई घरची हालहवाल कॅसेटमध्ये बोलून त्यांना पाठवायची. त्यातली एवढीच उरली. आईला जाऊन सहा वर्षं झाली. मी ती कॅसेट कधी पुरती ऐकलेली नाही. मोनो आहे, आणि मागे पंखा खडखडतो.

बाबा ओरडले नाहीत. म्हणाले, असू दे, ताईकडे आहे टेपरेकॉर्डर, एकतीस तारखेला तिकडेच जातो राहायला. परत कधी, ते बोलले नाहीत. ही माझ्याशी बोलेनाशी झाली.

संकल्प. एकतीसच्या आत बाबांना ती कॅसेट अशी ऐकवीन की आई समोर बसून बोलतेय असं वाटेल. लिहून ठेवतो. उत्तम प्रतीचा कॅसेट डेक मागवला. बाबा कुठे जात नाहीत.

१४ जानेवारी
डेक आला. बाबांना खुर्चीत बसवलं. श्रवणाची जागा एकच असते, तिच्यासाठी फरशीवर चिकटपट्टीने खूण केलीय. त्यांचं डोकं दोन इंच डावीकडे घेतलं, मान जरा वर केली. कॅसेट लावली.

बाबा पाच मिनिटं ऐकत राहिले. मग म्हणाले, हिचा आवाज नाही हा. शब्दच कळत नाहीत रे.

शहात्तर वर्षांचे कान. कीव आली. त्यांना नीट समजावलं, की त्या डबड्याच्या खोट्या चिरक्या आवाजाची तुम्हाला सवय झालीय, खरा आवाज असाच असतो. आईचा आवाजही असाच होता, तुमच्या लक्षात नाही. ते म्हणाले, असेल. बेचाळीस वर्षं संसार केला मी तिच्याबरोबर, पण असेल.

यातला टोमणा मला फार उशिरा कळला. बाबांना टोमणे मारता येतात हे माहीत नव्हतं.

१६ जानेवारी
कारण सापडलं. बर्न-इन. नवे स्पीकर दोनशे तास वाजल्याशिवाय खुलत नाहीत. फोरमवर सगळे हेच म्हणतात. ऑफिसला जाताना खरखराटाची खास सीडी लावून खोलीला कुलूप घातलं.

१७ जानेवारी
संध्याकाळी आलो तर घर शांत. हिने मेन स्विचच बंद केला होता. बाबांची दुपारची झोप म्हणे, चिठ्ठीत लिहिलंय. फ्रिजमधलं दूध नासलं त्याचा ठपकाही माझ्यावर.

२० जानेवारी
ऑफिस. पाणीपुरवठा, तक्रार खिडकी क्रमांक चार. एक बाई तीन आठवडे येतेय, नळाला गढूळ पाणी येतं म्हणून. तिला सांगितलं, नळ आठवडाभर सोडून ठेवा, आपोआप स्वच्छ होईल. ती म्हणाली, साहेब, आत काय झालंय ते आधी बघा ना. या लोकांना धीर कसा तो नाही.

दोनशेपैकी एकोणसत्तर तास झाले.

२३ जानेवारी
खोलीचाही दोष आहे. कोपऱ्यांत आवाज घुमतो, त्यावर जाड कापूस लागतो. बाबांची जुनी गादी उभी करून कोपऱ्यात बांधली. त्यांना कॉटवर सतरंजी दिली. पाठीला कडक चांगलं असतं, सगळे डॉक्टर सांगतात.

केबल जमिनीला टेकली तर कंपनं शिरतात. चहाचे सहा कप पालथे घालून त्यांच्यावर ठेवली. परिणाम तत्काळ. मखमलीचं रेशीम झालं.

ही विचारतेय, पाहुणे आले तर चहा कशात द्यायचा. माझ्याशी बोलली हे काय थोडं झालं.

२५ जानेवारी, रविवार
गुरुजी आले, फोरमवरच्या दोन शिष्यांसह. चहा स्टीलच्या पेल्यांतून दिला.

गुरुजींनी डोळे मिटून पाऊण तास ऐकलं. म्हणाले, वरच्या पट्टीत कमालीचा संयम आहे. इतका, की ती आहे हे जाणवतही नाही. एक शिष्य म्हणाला, असा अदृश्य ट्विटर आयुष्यात ऐकला नाही. दुसऱ्याने माझ्या गादीचा फोटो काढला.

मी पट्ट्या काढल्याचं सांगितलं. गुरुजींनी उठून हात मिळवला.

आज बाबांना मुद्दाम दारात उभं केलं होतं. चार जाणकार काय म्हणतात ते ऐकू दे. त्यांनी ऐकलं आणि आत जाऊन ताईला फोन केला की येतो. तिकीट काढून झालंय. पालथ्या घड्यावर पाणी.

२७ जानेवारी
वाद कायमचा मिटवायला बाबांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. हेडफोन घालून काचेच्या खोलीत बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. बाबा परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले होते.

डॉक्टर म्हणाला, या वयात इतके चांगले कान क्वचित बघतो. डॉक्टरच्या टेबलावर मोबाइलला चिकटवलेला एक प्लॅस्टिकचा स्पीकर होता. त्याच्या मताला किती किंमत द्यायची ते मी तिथेच ठरवलं. मग मला म्हणाला, आलाच आहात तर तुमचेही बघू. मला वेळ नव्हता.

घरी येताना बाबा फुटपाथवरून माझ्या पुढे चालत होते. झपाझप.

२९ जानेवारी
एकशे त्र्याऐंशी तास. आज दार लावून आईची कॅसेट एकट्याने लावली. सुरुवातीची पाच मिनिटं. गुळगुळीत, गंभीर आवाज. शब्द नाही कळले, पण शब्दांच्या मागे धावणं हे सामान्य श्रोत्याचं लक्षण आहे.

आईचा आवाज गंभीर होता का, आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. जेवण गेलं नाही.

३० जानेवारी, सकाळी
उद्या बाबांची गाडी. बॅग हॉलमध्ये भरून ठेवलीय. आज संध्याकाळी शेवटचं श्रवण. दोनशे तास पुरे होतायत. आता स्पीकर खुलणारच. सुट्टी टाकली.

३० जानेवारी, संध्याकाळी
घडलं ते क्रमाने लिहितो.

पाच वाजता बाबांना खुर्चीत बसवलं. ही दारात. कॅसेट सुरू केली. तेवढ्यात बेल वाजली. कोपऱ्यावरचा टीव्ही दुरुस्तीवाला, हातात बाबांचा टेपरेकॉर्डर. मुठीला नवी सुतळी. हिने तो नऊ तारखेलाच भंगारवाल्याकडून परत आणला होता आणि दुरुस्तीला टाकला होता. म्हणे आतला रबरी पट्टा मिळायला तीन आठवडे लागले. मला सांगितलं का नाही विचारलं, तर म्हणाली, सांगून तू ऐकणार होतास का.

दुरुस्तीवाला खोलीच्या दाराशी थांबला. कान दिला. मग मला म्हणाला, साहेब, वरचे दोन्ही बंद का ठेवलेत?

म्हटलं, कोण दोन्ही?

तो आत आला, कप ओलांडून. ट्विटरला कान लावला, मधल्याला लावला. म्हणाला, नुसता वूफर वाजतोय, दोन्हीकडे. मागे वाकून बघितलं. म्हणाला, वरची जोडी वरच्या दोघांची, खालची वूफरची. मध्ये पट्ट्या असतात, त्यातून वर करंट जातो. कुठे गेल्या पट्ट्या?

मी त्याला सांगणार होतो की पट्टी ही ध्वनीची वैरीण.

बाबांनी खिशातून चष्म्याची डबी काढली आणि उघडून त्याच्यापुढे धरली.

पाच मिनिटांचं काम. पैसे घेतले नाहीत त्याने, म्हणाला, याचे काय घ्यायचे. हे जास्त लागलं.

पुन्हा कॅसेट लावली. पंखा खडखडला आणि आई बोलली. अगदी आईच. जरा चिरका, घाईचा आवाज. तसाच होता तो, एका क्षणात सगळा आठवला. बाबांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. त्यांना सगळी पाठ आहे.

आधी भाडेकरूंचं सांगितलं, मग ताईच्या दातांचं. मग म्हणाली, तुमच्या चिरंजीवांनी रेडिओ उघडला. परत बसवला तर बोलेना. एक पट्टी बाहेर उरलीये. मी विचारलं, तर म्हणतो, तुला नाही कळायचं, कंपनीने जास्तीची दिलीय.

ही हसली. दुरुस्तीवाला टेपरेकॉर्डरच्या सुतळीकडे बघत राहिला. बाबा हसले नाहीत. त्यांनी बोट वर केलं, म्हणजे पुढे ऐक.

पुढे आई म्हणाली, पट्टी मी त्याने कचऱ्यात टाकलेली उचलून डबीत ठेवलीय. तुम्ही आल्यावर लावून द्या. आणि ओरडू नका त्याला.

३१ जानेवारी
बाबांना विचारलं, गाडीचं काय. म्हणाले, आधी माझी गादी सोड.

सोडली. कॉट खोलीत परत आणली. एका स्पीकरवर आता टेपरेकॉर्डर ठेवलाय, बाबा म्हणतात उंची बरोबर आहे. दुपारी त्यांनी त्यावर कॅसेट लावली. मी दाराबाहेर उभा राहून ऐकली, शेवटपर्यंत. पंखा खडखडत होता. आई समोर बसून बोलतेय असं वाटत होतं.