चिमटा

तीर्थरूप आईस,
लांबूनच नमस्कार.

मी मजेत आहे. काल जेवणाच्या सुट्टीत फोरमननं माझी नक्कल केली. मी खूश झालो की हात कसे फडफडवतो, ते करून दाखवलं. सगळे खो खो हसले. मी टेबलाखाली स्वतःच्याच मांडीला करकचून चिमटा काढला, पाहुण्यांसमोर तू काढायचीस तसा, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसलो. फोरमन म्हणाला, "आता शोभलास आमच्यात!"

डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला तेव्हा तू म्हणाली होतीस, "वळण लावलं की होईल नीट." लागलं बघ वळण. मांडी काळीनिळी आहे, पण पँटमध्ये दिसत नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? ताईच्या छोटीचेही हात तसेच फडफडतात, असं तू लिहिलंस.

तिला जेवायला तुझ्या शेजारी बसवू नकोस.

तुझा शहाणा मुलगा