बिनअंड्याची चंपा

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

आजपासून बेकिंग. निर्णय पक्का. अगरबत्ती, ड्रोन शूटिंग आणि बोन्साय हे मी सोडलं नव्हतं, त्यांनी मला सोडलं. बेकिंगचं तसं होणार नाही, कारण यावेळी आतून काहीतरी वाटतंय. चहानंतरही वाटत होतं.

उद्दिष्ट एकच. अठ्ठावीस डिसेंबरला आप्पांना ऐंशी पूर्ण होतायत. केक मी करणार. तो बघून आप्पा म्हणणार, जिन्या, चांगलं केलंस. बावन्न वर्षांत हे वाक्य माझ्या वाट्याला आलेलं नाही. थोरल्या भावाला, वृषभअण्णाला, ते येता-जाता मिळतं, तेही दुकानात मोटार-पाइप विकल्याबद्दल. त्यात कला कुठे आहे?

सोनलला सांगितलं. बायको म्हणून पहिला मान तिचा. म्हणाली, ओव्हन आपला आपण धुवायचा. म्हणजे पाठिंबा आहे.

१२ ऑक्टोबर, बेळगावहून परत

दिपाली मॅडमचा दोन दिवसांचा क्लास पूर्ण. सर्टिफिकेट मिळालं. खडेबाजारात सगळं साहित्य घेतलं. नोझल, फिरता स्टँड, रंग.

मॅडम म्हणाल्या, काका, आधी साधा गोल केक चार-पाच वेळा करून बघा. क्लासमधल्या बाकीच्या बायकांना हा सल्ला योग्यच आहे. माझी कल्पनाशक्ती गोल नाही.

१७ ऑक्टोबर

दिवाळीनिमित्त वॉर्म-अप. क्रिएटिव्ह कुकीज.

दरवर्षीप्रमाणे गल्लीतल्या बायका पीठ, तूप, साखर घेऊन नानकटाई भाजायला बेकरीच्या भट्टीवर आल्या होत्या. त्यांच्या रांगेत मी एकटा पुरुष. माझ्या ट्रेमध्ये पणत्या, आकाशकंदील, चांदण्या. बायका वाकून वाकून बघत होत्या. तूप मी जरा सढळ हाताने घातलं होतं. दिवाळी आहे.

ट्रे भट्टीतून बाहेर आला तेव्हा पणत्या, कंदील, चांदण्या सगळे एक झाले होते. ट्रेएवढं एकच बिस्कीट, कडा वाकड्यातिकड्या. शेजारचे मष्णूअण्णा ते बघून म्हणाले, ह्यो नकाशा महाराष्ट्राचा हाय का कर्नाटकाचा? आपली निपाणी कुठल्या बाजूला येतीया तेवढं सांगा, मग खातो. त्यावर बेकरीवाला कन्नडमध्ये काहीतरी बोलला. मग मष्णूअण्णा कन्नडमध्येच त्याला बोलले. दोघांत बराच वेळ वाद. बिस्कीट कुणीच तोडेना, कारण जिथे तोडावं तिथे कुणाची तरी हरकत.

याला अपयश म्हणत नाहीत. लोकांना विचार करायला लावणारी कुकी या भागात पहिल्यांदाच झाली असावी.

घरी आप्पांनी एक तुकडा तोंडात घातला आणि मग कवळी काढून तपासली. नापसंती मात्र व्यक्त केली नाही.

२ नोव्हेंबर

विषय सापडला! हॉलमध्येच होता.

भिंतीवरचा फोटो. आमच्या जैन मंदिराच्या पंचकल्याण पूजेत आप्पा इंद्र झाले होते, चंपा हत्तिणीवर बसून सगळ्या गावातून मिरवले होते, तो. डोक्यावर मुकुट, चेहरा थोडा घाबरलेला. आप्पा आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो फोटो दाखवतात. चंपा वारली त्या दिवशी आप्पा जेवले नव्हते, असं आई सांगायची.

तर केक म्हणजे चंपा. आख्खी, उभी, चार पायांवर.

सोनलला सांगितलं. ती भाजी निवडायची थांबली. म्हणाली, हत्तीण? आणि कापणार कोण? मी म्हटलं, आप्पाच कापणार, मान त्यांचा. ती माझ्याकडे बघत राहिली, मग पदर तोंडाला लावून आत गेली. भारावली असणार.

२३ नोव्हेंबर

इंजिनिअरिंग. स्पंजचे पाय वजन पेलत नाहीत, हे तीन चंपा बसल्यावर कळलं. उपाय आपल्याच दुकानात. पायांत पीव्हीसी पाइप, सोंडेत पाइपाचा वाकडा जोड, म्हणजे एल्बो. वृषभअण्णाने कशाला पाहिजेत म्हणून विचारलं. मी गूढ हसलो. त्याने नावावर मांडून घेतले. भावाच्या नावावर एल्बो मांडणारा माणूस!

उद्यापासून रोज पहाटे उठून सराव.

२४ नोव्हेंबर

थंडी फार.

१४ डिसेंबर

रंगाची अडचण. काळ्यात पांढरा मिसळला की करडा येतो, असं शाळेत शिकवलं होतं. केकवर चढवायच्या साखरेच्या लगद्याला, म्हणजे फाँडंटला, हे माहीत नाही. जांभळा आला. खऱ्या चंपाला जवळून पाहिलं असतं तर तिच्यातही थोडी जांभळी झाक दिसली असती. फोटो ब्लॅक अँड व्हाइट आहे, त्यामुळे कुणी नाही म्हणू शकत नाही.

सरावाचे तुकडे खाऊन सोनलची शुगर वाढली. दोष क्रीमचा नाही, तिने संयम ठेवायला हवा होता.

२७ डिसेंबर

धर्माची एकही बाजू सोडलेली नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण उद्या आक्काआत्या येणार आणि ती आप्पांची बहीण असली तरी तिचं लक्ष माझ्याच चुकांवर असतं. अंडं नाही. जिलेटिन नाही. मध नाही. केक दुपारी चारला, म्हणजे सूर्यास्ताच्या पुष्कळ आधी. बोट ठेवायला जागा नाही.

२८ डिसेंबर, सकाळ

चंपा उभी आहे!! चारही पायांवर! कान लावले. डोळे मनुकांचे. पाठीवर पिवळ्या क्रीमची झूल. मी स्वतः दोन पावलं मागे सरकून नमस्कार केला.

वाक्य आज मिळणार.

२८ डिसेंबर, संध्याकाळ

झालं ते असं.

चारला चंपाला हॉलमध्ये आणलं. आप्पा काठी टेकून उठले, जवळ आले, फोटोकडे बघितलं, केककडे बघितलं. डोळ्यांत पाणी. म्हणाले, चंपा! झुलीची झालर बी तशीच! मी वाक्याची वाट बघत होतो. अगदी ओठांवर आलं होतं त्यांच्या. आणि मीच त्यांच्या हातात सुरी दिली.

आप्पांनी सुरीकडे बघितलं. मग चंपाकडे. मग म्हणाले, हे कापायचं?

आक्काआत्या ओरडली. पिठाचा कोंबडा कापला तरी खऱ्याएवढंच पाप, आणि ह्यो तर बापाच्या हातनं हत्तीण मारायला बसलाय!

आता खरं सांगायचं तर, प्राण्याच्या आकाराचं काहीही कापायचं-खायचं नाही, हे मी लहानपणापासून पर्युषणाच्या प्रत्येक प्रवचनात ऐकत आलोय. पण तिथे कोंबड्याबद्दल सांगतात. हत्तीचा स्पष्ट उल्लेख कधी नव्हता.

सुरी खाली. मष्णूअण्णा मदतीला धावले. म्हणाले, आमच्यात चालतंय की, द्या इकडं, आमी कापून खातो. आप्पा आडवे उभे राहिले. माज्या घरातनं चंपाला कापायला देणार न्हाय म्हणाले. आक्काआत्याने चंपाच्या कपाळाला कुंकू लावलं. मग बाकीच्या बायकांनीही लावलं. पाहुण्यांना शेवटी चिवडा दिला.

पाचच्या सुमाराला सोंड गळून पडली. कुणी हात लावलेला नव्हता. यावर चर्चा झाली. वृषभअण्णाचं म्हणणं, आपोआप पडलीया, झाडाचं फळ पडतं तशी, खायला हरकत न्हाय. आत्याचं म्हणणं, कशी पडली त्ये बघायचं न्हाय, खाणाऱ्याच्या मनातला भाव बघायचा. मग सगळे आपापला भाव तपासत बसले. भाव खाण्याचाच होता, मी चेहऱ्यांवरून सांगतो. चर्चा चालू असतानाच सूर्य मावळला आणि प्रश्न मिटला.

सोनलला विचारलं, तुला हे आधीच माहीत होतं का? म्हणाली, तुमी इचारलं कवा?

२९ डिसेंबर

चंपा हॉलमध्येच. फ्रीजमध्ये मावत नाही. फेकायची तर कुठे? कचऱ्याच्या गाडीत इंद्राची हत्तीण टाकायला घरात कुणाचा हात होईना. आप्पांना विचारायची सोय नाही, ते तिच्यासमोर खुर्ची टाकून बसलेत.

एक गोष्ट नोंदवण्यासारखी. माझ्या हातची कुठलीही वस्तू आप्पांनी इतका वेळ बघितलेली नाही. वाक्य अजून येऊ शकतं.

३० डिसेंबर

मुंग्या. मागच्या डाव्या पायापासून सुरुवात. मी मुंग्या मारायचा खडू आणायला निघालो, आप्पांनी काठी आडवी घातली. मुंगी मारायची नाही, हटकायचीही नाही, जेवणाऱ्याला उठवत न्हाईत म्हणाले. हॉलमधून आता भिंतीला चिकटून चालायचं. टीव्हीपर्यंत पोचता येत नाही. दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला आप्पा खाली बघ म्हणून ओरडतात. दूधवाला घाबरून बाहेरच पिशवी ठेवून गेला.

३१ डिसेंबर

नवीन वर्षाचे संकल्प: १) साधा गोल केक. २) दिपाली मॅडमना फोन. ३) ओव्हन धुणे.

तिन्ही उद्या.

१ जानेवारी २०२६

चंपा गेली. सकाळी बघतो तर हॉलमध्ये चार पाइप उभे, एक एल्बो आडवा आणि दोन मनुका. वृषभअण्णा येऊन पाइप धुऊन दुकानात घेऊन गेला. नावावरचं खोडतो म्हणाला.

दुपारी मी स्वयंपाकघरात होतो. हॉलमधून आप्पांचा आवाज आला. चांगलं केलंसा. लई चांगलं केलंसा.

मी जागेवरच थांबलो. खरंच डोळे भरून आले. हात पुसले, शर्ट सारखा केला आणि हॉलच्या दारात जाऊन म्हटलं, आप्पा, पुढच्या वर्षी याहून मोठी करतो.

आप्पा दचकून वळले. म्हणाले, तू कवा आलास रं? आणि मग माझ्या पायांकडे काठी रोखून म्हणाले, हाललास तर बघ. लांबनं जा.

ते खुर्चीत वाकून बसले होते. फरशीवरून मुंग्यांची शेवटची रांग उंबऱ्याकडे चालली होती. कुणालाही पाप न लावता त्यांनी आख्खी चंपा संपवली होती. आप्पांनी पुन्हा तिकडे तोंड केलं आणि सावकाश जावा म्हणाले.

ओव्हन धुतला.