फाटकापाशी विझलेला दिवा

चिंचवड, शनिवार, १२ जानेवारी १९५७

अजून डोकं तापलेलं आहे. कारखान्यातून येताना रेल्वेचं फाटक बंद, म्हणून सायकलवरून उतरलो. चाक थांबलं, डायनॅमो थांबला, दिवा विझला. विझणारच! आतलं लोहचुंबक तारेच्या वेटोळ्यापाशी फिरेल तेव्हाच वीज होणार. हे फाटकावरच्या हवालदाराला कोण सांगणार?

"बिनदिव्याचा हिंडतोस व्हय?" म्हणत त्यानं दोन्ही चाकांची हवा सोडली. पन्नाशीला आलेल्या माणसाला अरेतुरे!

मी मागचं चाक उचलून पायडल हातानं फिरवलं. दिवा लख्ख लागला.

"मग मघाशीच फिरवायचं न्हाई का, राव?"

"आणि हवा?"

"ती काय मी भरू?"

फाटकावरचे लोक हसले. चूक दिसल्यावरही हे उत्तर! ती हवेची फुसफुस अजून कानात आहे.

आज मारुतीच्या आरतीचं ताट माझ्या हाती असायचं होतं. वर्षातून एकदाच पाळी येते. सायकल ढकलत पोचलो तोवर दुसऱ्यानं आरती उरकली होती आणि देऊळ बंद झालं होतं. बंद दारापुढे हात जोडले, पण स्तोत्र आठवेना. मारुतीलाही डायनॅमोच समजावून सांगत बसलो.