गंगूमावशीनं सांगितलेली हजेरी

अकोला, शुक्रवार, १५ मार्च १९६३

गिरणी एकाएकी बंद पडून दीड महिना झाला. भरपाईसाठी आज आम्ही वीसेक जण कामगार कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, "हजेरीबुकं सापडत नाहीत. कोण किती वर्षं कामावर होतं, कशावरून मानू?"

तेव्हा सूत खात्यातली गंगूमावशी पुढं झाली. अंगठा उठवणारी बाई! "लिवा साहेब, मी सांगतो." एकेकाचं नाव घेऊन ती सांगत गेली, कोण कोणत्या साली लागला, तेव्हा मुकादम कोण होता. एकदाही अडखळली नाही. तिघांकडं जुन्या पगारचिठ्ठ्या होत्या, साहेबांनी ताडून पाहिल्या. तिन्ही बरोबर. मग ती सांगेल तसं ते लिहीतच राहिले.

माझ्याकडं बोट करून म्हणाली, "हा दीक्षेच्या आदल्या साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लागला." म्हणजे पंचावन्न साली. मलाही आठवत नव्हतं! खरंच, एकदाही अडखळली नाही ती. एवढं त्या डोक्यात मावलं कसं?

सगळ्यांचे अर्ज दाखल झाले. बाहेर आल्यावर मी विचारलं, "मावशी, हे सारं ध्यानात कसं ठेवलं व?"

"ठेवा लागते काय? सारे माह्या संगंच तर होते, बापा."

मी शिकलेला माणूस. सात-आठ वर्षं माझ्या शेजारी उभ्या राहिलेल्या कामगाराचं आडनावही मला सांगता आलं नसतं.